काळे जंगल, पांढरे आकाश : चांद्याच्या अरण्यातील छायाचित्रणाची दीडशे वर्षे

चांदा जिल्ह्याच्या रानात कॅमेरा आला तो वाघासाठी नव्हे, देवळांसाठी. १८५४मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत मोजणीदार, खाणतज्ज्ञ, वनाधिकारी, मिशनरी असे नाना तऱ्हेचे लोक या मुलखात वही-पेन्सिल घेऊन शिरले. मेजर ल्युसी स्मिथने जमाबंदीचा जाडजूड अहवाल लिहिला, वरोऱ्याला कोळसा निघाला, अहेरीच्या जमीनदारीतल्या सागाचा हिशेब सुरू झाला. पुरातत्त्व खात्याचा प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ आणि १८७४-७५ या दोन हंगामांत मध्य प्रांतात फिरला. त्याचा सहायक जोसेफ डेव्हिड बेगलर हा कॅमेरा बाळगणारा माणूस होता, आणि तोही १८७३-७४मध्ये याच प्रांतात दौऱ्यावर होता. कनिंगहॅमच्या अहवालमालेच्या नवव्या खंडात भांदक आणि मार्कंडा यांची वर्णने आहेत. वैनगंगा जिथे वळण घेऊन उत्तरेला वाहू लागते, त्या चामोर्शीजवळच्या काठावरचा मार्कंड्याचा देवळांचा समूह आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. वीज पडून खचलेले शिखर, दाटीने बसवलेल्या मूर्तींचे थर, मागे नदीचे पांढरे वाळवंट. छायाचित्रकाराला हवे ते सगळे तिथे होते.

पण त्या काळातल्या मध्य हिंदुस्थानच्या चित्रांकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. दगड अप्रतिम उतरतो. मूर्तीच्या कमरपट्ट्यातला मणीसुद्धा मोजून घ्यावा. झाडे मात्र काळ्या शाईचे डाग असावेत तशी, आणि त्यांच्यावरचे आकाश कोऱ्या कागदासारखे. हा छायाचित्रकाराच्या नजरेचा दोष नव्हे. त्याच्या काचेचा तो स्वभाव होता.

त्या वेळी ओल्या काचेची पद्धत चालत असे. काचेच्या तावदानावर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, अंधाऱ्या तंबूत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून उघडायची, आणि थर सुकण्याआधी परत तंबूत नेऊन धुऊन काढायची. सगळा खेळ दहा-एक मिनिटांचा. कलोडियनमध्ये ईथर असते, ते उन्हात भराभर उडून जाते. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा सहज पंचेचाळिशी ओलांडतो, तिथे हे काम हिवाळ्याखेरीज करणे जवळजवळ अशक्य. त्यात काच धुवायला भरपूर आणि स्वच्छ पाणी लागे. म्हणजे छायाचित्रकाराचा मुक्काम नदीकाठी किंवा तलावाच्या पाळीवर. सामान वाहायला माणसे किंवा बैलगाड्या लागत. हिमालयात फिरणाऱ्या सॅम्युअल बोर्नच्या तिसऱ्या मोहिमेत पन्नासाहून अधिक हमाल होते; बाकीच्यांची गोष्ट याच मापात, थोडी लहान करून समजावी.

आणि मुख्य अडचण रंगाची. कलोडियनच्या थराला निळा प्रकाश दिसे. हिरवा आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळे आकाश पूर्ण जळून पांढरे व्हायचे आणि हिरवे जंगल काळे पडायचे. शिवाय काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे, तेवढ्यात वाऱ्याने पाने हलली की त्यांचा धूर होई. दगड हलत नाही, त्याचा राखाडी-तांबूस रंग ऊन-सावलीने उठून दिसतो. म्हणून देऊळ उतरले आणि ज्या अरण्यात ते उभे होते ते उतरले नाही. सगळ्या रंगांना सारखा प्रतिसाद देणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडले. सुरुवातीच्या चार दशकांत झाडीमंडळाची झाडी कॅमेऱ्याला अक्षरशः दिसत नव्हती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते? कार्लटन वॉटकिन्सने १८६१मध्ये योसेमिटी खोऱ्याची मोठाल्या काचांवर चित्रे घेतली. तीन वर्षांनी ते खोरे राखून ठेवण्याचा कायदा अमेरिकी काँग्रेसने केला. विल्यम हेन्री जॅक्सन १८७१मध्ये यलोस्टोनला गेला. १८७२मध्ये जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे ॲन्सेल ॲडम्सने १९३८मध्ये सिएरा नेवाडाच्या चित्रांचे पुस्तक काढले, १९४०मध्ये किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यान झाले. काच आणि रसायने तिकडेही तीच होती. पण त्यांच्यापुढे होते ग्रॅनाइटचे कडे, धबधबे, बर्फ : म्हणजे पुन्हा दगडच. चांद्याच्या रानात कडे नाहीत. साग, ऐन, धावडा, बिजा, मोह, तेंदू, त्यांच्या पायाशी बांबूची बेटे, मधूनच एखादी बोडी, आणि वर सपाट, पसरट टेकड्या. या भूमीचे सौंदर्य उंचीत नाही, दाटीत आहे. दाटीचे चित्र काढणे आजही छायाचित्रणातले सर्वांत अवघड काम मानले जाते, कारण चौकटीत काय ठेवावे यापेक्षा काय वगळावे हा प्रश्न तिथे मोठा होतो. तेव्हा अमेरिकेतली उद्याने चित्रांमधून जन्मली आणि ताडोबा शिकारीच्या राखीव रानातून, यामागे जसा राज्यकर्त्यांचा स्वार्थ आहे तसे थोडे रसायनशास्त्रही आहे.

त्या अमेरिकी चित्रांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पुढे आपल्याकडेही येणार आहे. ती चित्रे निर्मनुष्य आहेत. योसेमिटीत राहणाऱ्या मूळ रहिवाशांना एका सशस्त्र तुकडीने १८५१मध्येच हाकलले होते. दहा वर्षांनी कॅमेरा पोचला तेव्हा खोरे कसे सृष्टीच्या पहिल्या दिवसासारखे दिसत होते.

चांद्यात देवळांनंतर कॅमेरा वळला तो माणसांकडे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६मध्ये निघाला. त्यात नृत्याच्या पोशाखातले माडिया गोंड उभे आहेत. ग्रिगसनचा बस्तरच्या माडियांवरचा ग्रंथ १९३८चा. त्यातला अबूझमाड म्हणजे भामरागडच्या डोंगरांची पलीकडची बाजू. चाळीसच्या दशकात प्राणहितेच्या पैलतीरी, निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ राजगोंडांची छायाचित्रे काढत होता, आणि व्हेरियर एल्विन बस्तरात मुरियांची. यातली हायमेनडॉर्फची चित्रे मला सर्वांत मोलाची वाटतात. पुष्कळांच्या चित्रांत माणूस भिंतीपुढे उभा करून मापला जातो; याच्या चित्रांत तो काहीतरी करत असतो. नांगरतो, ढोल ताणतो, दंडारीला निघतो. मागे शेत दिसते, शेताच्या कडेला रान दिसते. भूदृश्य म्हणून कोणी काढलेले नसले तरी गोंडवनाच्या भूदृश्याचे हे बरेच विश्वासू दस्तऐवज आहेत. एल्विनच्या घोटुलवरच्या ग्रंथाने मात्र, लेखकाची सहानुभूती खरी असूनही, शहरी वाचकाला एक चटक लावली. बस्तर आणि गडचिरोली म्हणजे उघड्या अंगाची माणसे, असे पुढे जे समीकरण झाले, त्यात त्या चित्रांच्या उसनवारीचा वाटा आहेच.

तिसरा प्रकार शिकारीच्या फोटोंचा. तो सर्वांच्या परिचयाचा आहे : मेलेला वाघ आडवा, त्याच्या डोक्याखाली दगड किंवा ओंडका, मागे साहेब, साहेबाच्या मागे हाकारे घालणारे. हे फोटो काढायला सोपे, कारण वाघ हलत नाही. विनोद म्हणून हे म्हणत नाही. जिवंत वाघ त्या काळच्या कॅमेऱ्यात मावतच नव्हता. अंधुक प्रकाश, मंद काच, अवजड यंत्र आणि क्षणभर दिसून नाहीसे होणारे जनावर. मध्य प्रांताच्या जंगल खात्यात आयुष्य घालवलेल्या डनबार ब्रँडरचे मध्य हिंदुस्थानातल्या वन्यप्राण्यांवरचे पुस्तक १९२३चे. वाघाची चाल, खाणे, माग यांचे त्याचे निरीक्षण आजही वाचावे इतके बारीक आहे. पण ते सगळे शब्दांत. नजर तयार होती, यंत्र तयार नव्हते.

यंत्र तयार झाले ते संयुक्त प्रांतात. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने जनावराच्या वाटेवर तार ताणून ठेवली, तारेला कॅमेरा आणि मॅग्नेशियमचा झगमगाट जोडला, आणि वाघाकडूनच वाघाचा फोटो काढून घेतला. ३ ऑक्टोबर १९२५च्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'च्या पहिल्या पानावर त्याचा रात्रीचा वाघ झळकला. १९२७मध्ये 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक आले. फोटो शेजारी शेजारी ठेवून चॅम्पियनला कळले की प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आणि त्यावरून वाघ ओळखता येतो. हे ज्ञान साठ-सत्तर वर्षे पुस्तकातच पडून राहिले. जिम कॉर्बेटवर चॅम्पियनचा मोठा प्रभाव होता. कुमाऊँच्या नरभक्षकांवरच्या पुस्तकातले शेवटचे प्रकरण बंदुकीची शिकार आणि कॅमेऱ्याची शिकार यांची तुलना करते, आणि कौल कॅमेऱ्याला देते.

इकडे ताडोबात १९३५मध्ये शिकारीला बंदी झाली. १९५५मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. 'महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान' असे आपण अभिमानाने म्हणतो, पण त्या वर्षी महाराष्ट्र अस्तित्वात नव्हता आणि चांदा मध्य प्रदेशात होता, ज्याची राजधानी नागपूर होती. पुढच्या वर्षी जिल्हा मुंबई राज्यात आला. १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता, ताडोबा नव्हता. १९८६मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. मधल्या या चाळीस वर्षांत ताडोबाचे नाव महाराष्ट्रात झाले ते चित्रांनी फारसे नाही. तलावाकाठी तारूचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मेलेला हा गावप्रमुख गोंडांचा देव झाला, पौषात त्याची जत्रा भरत असे. जंगलाला नाव मिळाले ते वाघाकडून मेलेल्या माणसावरून, ही गोष्ट पर्यटनाच्या माहितीपत्रकात एका ओळीत उरकतात.

मराठी वाचकाला विदर्भाचे रान आधी शब्दांनी दाखवले. व्यंकटेश माडगूळकरांचे नागझिरा, मारुती चितमपल्लींचे नवेगाव. माडगूळकर सोबत रेखाचित्रे काढत, चितमपल्ली पक्षी-झाडांची गोंडी आणि हलबी नावे गोळा करत. या लेखनाने एक वाचकवर्ग घडवला आणि त्याच वाचकवर्गातून पुढे हौशी छायाचित्रकार निघाले, असे मला वाटते. सत्तर-ऐंशीच्या दशकात विदर्भात कॅमेरा घेऊन हिंडणारे लोक बहुतेक नोकरदार, डॉक्टर, प्राध्यापक. हातात स्लाइड फिल्मचा छत्तीस चित्रांचा रोल, त्याची संवेदनक्षमता चौसष्ट किंवा शंभर. पहाटे सहाला बांबूच्या आत इतका कमी प्रकाश की शटर एक पंचमांश सेकंद उघडे ठेवावे लागे. जनावराने मान वळवली की चित्र गेले. रोल मोठ्या शहरातल्या लॅबकडे पाठवायचा आणि आठ-पंधरा दिवसांनी कळायचे की चौतीस चित्रे फुकट गेली. त्या मर्यादेने एक शिस्त आणली. चितळाची हाक आणि वानराची खाकर यांतला फरक कानांनी ओळखायचा, वारा बघून बसायचे, पाणवठ्याच्या मचाणावर वैशाखातली पौर्णिमा जागून काढायची. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी दोन तास नुसते बसायचे. कारागिरी म्हणावी ती यातच होती. भिंग हा तिचा शेवटचा आणि सोपा भाग.

मध्य भारतातल्या पानझडीच्या रानाला त्याची स्वतःची प्रकाशव्यवस्था आहे. जुलै ते सप्टेंबर सगळे इतके हिरवे की काही वेगळे दिसत नाही. याच दिवसांत सागाला पांढरट फुलोरा येतो, पण ताडोबाचा गाभा तीन महिने बंद असतो, त्यामुळे तो फुलोरा फार कमी चित्रांत आहे. डिसेंबरात सकाळी तलावावरून धुके उठते आणि सात ते साडेआठ या वेळात जे मिळेल ते मिळेल. फेब्रुवारीपासून साग पाने टाकतो, रान आरपार दिसू लागते, आणि पळस पेटतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात, कुठे वणवे लागतात. त्या धुराने सूर्य तांबडा होतो आणि सावल्यांची धार बोथट होते. मे महिन्यात वाघ पाण्यावर येतो म्हणून सगळी गर्दी मेमध्ये. खरे तर मेमधला प्रकाश दिवसातले पाऊण तास सोडता निर्दय असतो. भूदृश्यासाठी यायचे असेल तर पहिल्या वळवाच्या पावसानंतरच्या दोन-चार दिवसांत यावे. धूळ बसलेली असते, सालींचा रंग ओला होऊन उघडतो, आणि मातीचा तांबडा कधी नव्हे इतका खरा दिसतो.

नव्या शतकात दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. डिजिटल कॅमेरा आला आणि अंधार जवळजवळ संपला. दुसरी गोष्ट, कॅमेरा वनखात्याचा कारकून झाला. वाघ मोजण्याची जुनी पद्धत पायाच्या ठशांची : काचेवर ठसा गिरवायचा, प्लॅस्टरचा साचा घ्यायचा. १९७२च्या गणनेतले देशभरचे १८२७ वाघ असे मोजले गेले. २००५मध्ये सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि या पद्धतीवरचा विश्वास उडाला. त्याआधीच उल्हास कारंत यांनी कर्नाटकात स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघ ओळखण्याची रीत बसवली होती. त्यांच्या २००४च्या शोधनिबंधातल्या जंगलांत ताडोबाही आहे. मूळ कल्पना चॅम्पियनचीच. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावायचे, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. मग संगणक पट्ट्यांची तुलना करतो. २०१८च्या राष्ट्रीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांवर चित्रे निघाली. वाघांची त्यात ७६,६५१. महाराष्ट्रात २००६मध्ये १०३ वाघ मोजले होते, २०२२मध्ये ४४४. जगातल्या या अतिप्रचंड छायाचित्रसंग्रहाला एकही छायाचित्रकार नाही, आणि तरी त्यातली काही चित्रे, रात्रीच्या उजेडात मान खाली घालून चाललेली वाघीण, मागे तिची पिल्ले, पाहणाऱ्याला गप्प करतात.

पण 'छायाचित्रकार नाही' हे पूर्ण खरे नव्हे. तो कॅमेरा कोणीतरी झाडाला बांधतो, बॅटरी बदलतो, मागकाढणीसाठी पायी चालतो. नोव्हेंबर २०२१मध्ये ताडोबाच्या कोलारा भागात गणनेच्या कामावर पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. ती वाघीण माया होती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. माया म्हणजे त्या दशकात देशातल्या सर्वाधिक छायाचित्रित वाघिणींपैकी एक. २०२३मध्ये ती दिसेनाशी झाली तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली, आणि त्या हळहळीत वनरक्षकाचा उल्लेख क्वचितच आला.

याच कॅमेऱ्याचा आणखी एक उपयोग आहे, तो ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, राजुरा या तालुक्यांतल्या लोकांना ठाऊक आहे. वाघाने माणूस मारला की त्या जागेभोवती कॅमेरे लागतात. कोणता वाघ, हे पट्ट्यांवरून ठरते. मग त्याला पकडायचे की नाही ते ठरते. राजुऱ्याचा आरटी-१ ऑक्टोबर २०२०मध्ये पिंजऱ्यात आला. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी वनविभागांत मिळून तेरा माणसांच्या मृत्यूला कारणीभूत ठरलेला सीटी-१ ऑक्टोबर २०२२मध्ये वडशाकडे पकडला गेला. इथे छायाचित्र पंचनाम्याचा कागद असते. कुशीवरचे तीन पट्टे अस्पष्ट आले तर भलताच वाघ जन्मभर कोंडला जाऊ शकतो, किंवा खरा वाघ मोकळा राहून आणखी एखादी बाई मोहाच्या झाडाखाली मरू शकते. स्पर्धेतल्या परीक्षकांपुढे छायाचित्राची धार कधी एवढी महत्त्वाची नसते.

पर्यटकांच्या चित्रांकडे येतो. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या फाटकांवर पहाटे जिप्सींची रांग लागते. गाइड आणि चालक आसपासच्या गावांतले; या व्यवसायाने त्या गावांत पैसा आला, हे निर्विवाद. गाइडची पारख अनेकदा गाडीतल्या भिंगवाल्यापेक्षा जास्त असते : गाडी कुठे तिरपी लावली की ऊन पाठीशी येईल, वाघ कोणत्या पायवाटेने रस्ता ओलांडील, हे तो सांगतो आणि चित्राखाली नाव दुसऱ्याचे येते. ताडोबाने जगाला काही अपूर्व चित्रे दिली. २०१८च्या उन्हाळ्यात काही बेल्जियन पर्यटकांना भर दिवसा पाण्यावर काळा बिबट्या दिसला, ती चित्रे वर्तमानपत्रांतून घरोघर गेली. वाघदोह नावाचा थोराड नर २०२२च्या मे महिन्यात म्हातारपणाने मेला, तेव्हा त्याच्या तारुण्यापासूनची चित्रमालिका अनेकांच्या संग्रही निघाली. एका रानटी प्राण्याचे आख्खे चरित्र चित्रांत उपलब्ध असणे ही मानवी इतिहासात नवी गोष्ट आहे.

आणि तरी या हजारो चित्रांत मला एक चौकट पुन्हा पुन्हा दिसते. जामणीचे कुरण. सोनेरी गवत, मागे रानाची निळी कड, मधून चालणारी वाघीण. ताडोबातले हे एक अत्यंत सुंदर ठिकाण आहे. जामणी हे गाव होते. नवेगाव, बोटेझरी ही गावेही होती. पुनर्वसन झाले, घरे पाडली, वावरांत गवत आले, गवतावर चितळ आले, चितळांमागे वाघ. पुनर्वसन योग्य की अयोग्य हा वाद इथे करायचा नाही. बाहेर गेलेल्या काहींना शाळा-रस्ता मिळाला, काहींना जमिनीने दगा दिला. मुद्दा चौकटीचा आहे. योसेमिटीसारखेच इथेही 'अनाघ्रात निसर्ग' म्हणून जे दिसते त्याच्याखाली नांगरलेली माती आहे. ती माहीत असलेला छायाचित्रकार गवतात उरलेले आंब्याचे झाड किंवा विहिरीचा कठडा चौकटीबाहेर काढण्यासाठी धडपडणार नाही. उलट तोच शोधील.

गर्दीचे काय? ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-करांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच पिल्लांना जिप्सींनी दोन्हीकडून अडवले. त्याची दृश्ये पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. सफारीत मोबाइल नेण्यावरची बंदी त्यानंतर कडक झाली. गंमत अशी की गुन्हा कळला तोही मोबाइलवरच्या चित्रणामुळेच.

चंद्रपूरवर इतका प्रकाश पडत असताना शेजारी काळोख आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपेक्षाही अधिक जंगलाचा. पण तिथली आपल्या मनातली चित्रे दोनच प्रकारची, हेमलकशाची किंवा चकमकीची. नक्षल चळवळीच्या दशकांत भिंग घेऊन रानात फिरणे म्हणजे दोन्ही बाजूंच्या संशयाला निमंत्रण. परिणामी आलापल्लीचा जुना सागवनाचा तुकडा, जो २०१४मध्ये राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरला, त्याचे मनात ठसेल असे एक मोठे चित्र आपल्याला आठवत नाही. त्या सागांचे चित्र काढणे सोपेही नाही. खोडाशी उभे राहून वर पाहिले तर शेंडा निमुळता होऊन सगळी भव्यता जाते. मागे सरकायला जागा नसते, कारण मागे दुसरा साग असतो. तिथे माणूस किंवा बैलजोडी चौकटीत घेतल्याशिवाय मोजमाप कळत नाही. सोमनूरला इंद्रावती गोदावरीला मिळते, भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतमी इंद्रावतीला मिळतात, सिरोंच्याखाली प्राणहिता गोदावरीला. पाण्याचे रंग वेगवेगळे असतात आणि पावसाळा ओसरताना मैलभर त्यांची शीव दिसते.

ही भूदृश्ये आता थांबणार नाहीत. जून २०१९मध्ये मेडीगड्ड्याचा बंधारा सुरू झाला, त्याच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातली काठची शेते पाण्याखाली जाऊ लागली. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याच बंधाऱ्याचे खांब खचले. एटापल्लीत सुरजागडचा डोंगर, ज्यावर माडियांचा ठाकूरदेव आहे, लोहखनिजासाठी वरून खाली उतरवला जात आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप जिल्ह्यात आला आणि राहिला. धानाच्या बांधीतून जाणाऱ्या त्या हत्तींची पहिली चित्रे गावकऱ्यांनी मोबाइलवर काढली. बंधाऱ्याआधीची प्राणहिता कशी होती, खाणीआधी सुरजागडची आकाशरेषा कशी होती, हे पुढे कोणी विचारले तर दाखवायला काय आहे? थोडेफार सरकारी, थोडे पत्रकारांचे, काही गावकऱ्यांच्या जुन्या फोनमध्ये.

आल्प्समधल्या हिमनद्या किती मागे हटल्या हे मोजण्यासाठी सेबास्टियन फिन्स्टरवाल्डरने १८८८मध्ये एक साधी रीत काढली. तीच जागा, तीच दिशा, तोच ऋतू. काही वर्षांनी पुन्हा चित्र. त्याला महागडे भिंग लागत नाही, वाघ दिसावा लागत नाही. लागते ती जागेची अचूक नोंद आणि परत येण्याची चिकाटी. मार्कंड्याच्या देवळांची जुनी चित्रे आहेतच. आज त्याच घाटावर, त्याच कोनात उभे राहून चित्र घेतले तर शिखराच्या दगडांइतकेच नदीचे पात्र, वाळूचा पट्टा आणि पैलतीरीची झाडे यांच्याकडेही लक्ष द्यावे लागेल. जुन्या काचेत ती झाडे काळी आली होती. आताच्या कॅमेऱ्यात पाने मोजता येतात.